एक शब्द खोडायचा हक्क

बाबीच्या पत्राला थोरल्यांनी उत्तर दिलं नव्हतं, आणि ही गोष्ट घरात आपल्याखेरीज कुणालाच ठाऊक नाही अशी त्यांची समजूत होती. पत्र आलं त्या दिवशी त्यांनी टेबल आवरलं, पेनात शाई भरली, कोरे कागद काढून ठेवले. एवढी तयारी झाल्यावर त्यांना भूक लागली. जेवून आल्यावर तयारी पुन्हा पहिल्यापासून करावी लागली. असं करता करता उन्हाळा सरत आला.

बाबी म्हणजे त्यांच्या धाकट्या भावाची मुलगी. लग्न करून नदीपलीकडच्या वस्तीत राहायला गेल्यापासून तिने या घराचा उंबरा ओलांडला नव्हता, म्हणजे वडिलांनी ओलांडू दिला नव्हता. काका फोन उचलत नाहीत हे तिला माहीत होतं. फोनवर समोरच्याचं तोंड दिसत नाही अशी थोरल्यांची तक्रार असे. तोंड दिसलं तरी ते काही बोलत नसत, ही गोष्ट वेगळी. म्हणून तिने कचेरीच्या पत्त्यावर पत्र टाकलं होतं.

‘काका,’ असं त्यात होतं, ‘बाहेरच्या खोलीत फरशी बसवायचं ठरवलंय. सामान आणून ठेवलंय, येता-जाता पायाला लागतं. पण वस्तीत सगळे म्हणतात, तुझ्या काकांच्या पेपरात पुढचं काय येतंय ते बघ आणि मग हात घाल. म्हणून विचारते. बसवू का? एवढंच कळवा.’

प्रश्न साधा होता, म्हणूनच तो थोरल्यांना जमेना. वस्ती राहायची की उठायची हे नगरपालिका ठरवणार होती. नगरपालिका पेपराकडे बघून ठरवायची. पेपरात अग्रलेख थोरले लिहायचे. आणि आपलं मत काय आहे हे थोरल्यांना अग्रलेख लिहून झाल्यावरच कळायचं, तेही नेहमी नाही.

थोरल्यांच्या वडिलांनी, म्हणजे आबांनी, पेपर काढला तेव्हाच दोन मुलांत वाटणी करून टाकली होती. थोरल्याला शब्द, धाकट्याला आकडे. धाकट्याने पेपर असा चालवला की कचेरीत सगळे त्याला मालक म्हणू लागले आणि हळूहळू घरातही तेच नाव पडलं. थोरल्यांना आकड्यांची भीती वाटायची. पुढे शब्दांचीही वाटायला लागली, पण तोवर वाटणी होऊन गेली होती.

वस्तीबद्दलचा त्यांचा पहिला अग्रलेख उन्हाळ्याच्या तोंडावर आला होता. मथळा होता ‘लोंढा’. बाहेरगावाहून कामाला आलेली माणसं तिथं राहत. कुणी इमारतींवर, कुणी धुलाईच्या कारखान्यात, कुणी लिफ्टच्या दुरुस्तीत. बाबीचा नवरा लिफ्टवाल्यांपैकी. त्यांना नळ द्यायचा आणि घरांची नोंद करायची, की सगळ्यांना उठवायचं, असा वाद होता. उठवा असं वाक्य थोरल्यांनी कुठंच लिहिलं नव्हतं. असं थेट लिहायचा त्यांना संकोच वाटे. त्यांनी एवढंच लिहिलं की गावावर लोंढा येतो आहे, काठ खचत आहेत, आणि आज जिथं ओल दिसते तिथं उद्या गुडघाभर पाणी असेल. बाकीचं वाचकांनी केलं. घरात पाणी शिरतंय म्हटल्यावर काय करायचं हे माणसाला सांगावं लागत नाही. तो मातीची पोती शोधायला धावतो.

आठवड्याभरात शब्द गावभर झाला. बसचा कंडक्टर ‘लोंढेवाले मागं सरका’ म्हणू लागला. नगरपालिकेच्या अभियंत्याने, जो एरवी ‘सदरहू’ सोडून काही लिहीत नसे, अहवालात ‘वाढता प्रवाह’ असं लिहिलं. वाचकांची पत्रं आली: तुम्ही आमच्या मनातलं बोललात. थोरल्यांना याचं नवल वाटलं, कारण ते त्यांच्या स्वतःच्या मनात होतं की नाही याची त्यांना खात्री नव्हती. गावातल्या दुसऱ्या पेपराने वस्तीची बाजू घेतली, पण मथळा दिला ‘लोंढा अडवू नका, वळवा’. तो वाचून मालक पोट धरून हसले. त्यांचं म्हणणं असं की समोरचा आपल्या शब्दात भांडायला लागला की भांडण संपलं. मग नुसतं ऐकून घ्यायचं.

आता मंगळवारी नगरपालिकेची सभा होती. त्याआधी रविवारच्या अंकात शेवटचा अग्रलेख जायचा होता, आणि आज शनिवार होता.

शनिवारी संध्याकाळी अग्रलेख जेवणाच्या टेबलावर वाचायचा, ही रीत आबांची. एका विशेषणापायी त्यांना कधीकाळी कोर्टाच्या पायऱ्या झिजवाव्या लागल्या होत्या. तो खटला निकालात निघाल्यावर त्यांनी नियम करून टाकला: टेबलाशी बसलेल्या प्रत्येकाला लाल पेन्सिलीने एक शब्द खोडायचा हक्क. कारण सांगायचं नाही. लिहिणाऱ्याने हुज्जत घालायची नाही. खोडलेल्या जागी दुसरा शब्द बसवायचा नाही. मोडलेलं वाक्य सांधायला जेवढं लागेल तेवढंच करायचं. लिहिणाऱ्याला मात्र हक्क नाही, कारण त्याला अख्खा दिवस मिळालेला असतो. आबा गेले, छापखाना बदलला, खिळ्यांचे अक्षरजुळारी गेले, पेन्सिल तेवढी राहिली. ती आखूड झाली की मालकीणबाई नवी आणत.

मालकीणबाई म्हणजे मालकांची बायको, बाबीची आई. त्या कपबश्या मांडत होत्या. आक्का आधीच येऊन बसली होती. ती दोघा भावांची मोठी बहीण, निवृत्त मेट्रन. घरातल्या माणसांकडे ती अजून खाटेवर पडलेल्या रोग्यांसारखं बघे. मालकांच्या शेजारी त्यांचे चिरंजीव बसले होते. बाबीचा हा धाकटा भाऊ पेपराची मोबाइलवरची आवृत्ती सांभाळायचा, त्यामुळे कोणता वाचक कोणत्या ओळीपर्यंत टिकतो हे त्याला दिसत असे, आणि ते तो सांगतही असे.

“‘लोंढा’ लोकांनी शेवटपर्यंत वाचला, काका,” तो म्हणाला. “तुमचं लिहिलेलं पहिल्यांदाच कुणी शेवटपर्यंत वाचलं.”

थोरल्यांनी आभार मानले आणि वाचायला घेतलं. मथळा ‘बांध’ असा होता.

‘पाणी ज्यांच्या उंबऱ्याशी आले आहे त्यांना विचारा. लोंढा एका रात्रीत येत नाही. आधी ओल येते, मग झिरपा लागतो, मग भिंत फुगते. पलीकडे आलेली माणसे दोषी नाहीत. पाण्याचा कधी दोष नसतो. दोष असतो तो वेळेवर बांध न घालणाऱ्यांचा.’

पुढेही बरंच होतं, सगळं याच चालीवर. वाचताना थोरल्यांचा आवाज नेहमीप्रमाणे शेवटी शेवटी बारीक होत गेला, पण अग्रलेखाचा नाही. तो चांगला उतरला होता. हे त्यांनाही कळत होतं, आणि त्यामुळेच त्यांना बरं वाटत नव्हतं.

पेन्सिल फिरू लागली. चिरंजीवांनी ‘झिरपा’ खोडला. त्याच्या वयाच्या कुणाला तो शब्द माहीत नव्हता. मालकीणबाई दर शनिवारी एखादं विशेषण खोडत आणि चहा ओतत. आज त्या म्हणाल्या, माझं मागाहून. आक्काने पेन्सिल घेतली आणि ‘लोंढा’वर अशी रेघ ओढली की कागद फाटायचाच बाकी राहिला. मग पेन्सिल मालकांकडे आली. त्यांनी फारसा विचार न करता ‘माणसे’ खोडलं.

थोरल्यांनी सांधेजोड केली आणि रीतीप्रमाणे पुन्हा वाचलं. ‘पाणी ज्यांच्या उंबऱ्याशी आले आहे त्यांना विचारा. ते एका रात्रीत येत नाही. आधी ओल येते, मग भिंत फुगते. पलीकडे आलेले दोषी नाहीत. पाण्याचा कधी दोष नसतो...’

आक्का ऐकत होती. तिने चष्मा काढला.

“मी लोंढा खोडला ना?”

“खोडलास.”

“मग हे अजून ओलंच कसं?”

चिरंजीव हसले. थोरले हसले नाहीत. त्यांना टेबलावर बोलायची सवय नव्हती, त्यामुळे ते कागदाकडे बघूनच बोलले. त्यांनी सांगितलं ते थोडक्यात असं: उपमा कुठल्या एका शब्दात राहत नाही. ती घरातल्या ओलीसारखी (हे म्हणून ते थांबले, आणि ही उपमा मागे घेतली). ती सगळ्या वाक्यांत मिळून राहते. तुम्ही तिचा शब्द खोडलात तर बाकीचे शब्द तिचं काम वाटून घेतात, उलट जास्त मन लावून करतात, कारण आता कुणाचं लक्ष नसतं. आबांचा नियम विशेषणासाठी चांगला होता. विशेषण एकटं राहतं.

“आणि खरं सांगायचं तर,” ते म्हणाले, “एकदा पाणी म्हटलं की पुढचं ठरलेलंच असतं. पाण्याला कुणी नाव विचारत नाही. तुम्ही का आलात, किती दिवस राहणार, असं पाण्याशी कुणी बोलत नाही. बांध घालतात. मी पुढं काही लिहिलं काय, नाही लिहिलं काय.”

“म्हणून तर तेच लिहायचं,” मालक म्हणाले. ते रागावले नव्हते. धंद्यातली साधी गोष्ट समजावून द्यावी तसं ते सांगत होते. वाचक सकाळी अर्धवट झोपेत असतो, एका हातात कप असतो. त्याला विचार करायला लावू नये. आपण विचार करून त्याच्या हातात द्यावा. त्याला चित्र दिसलं की आपण विचार केला असं त्याला वाटतं. यात कुणाचं काय बिघडतं?

आक्का म्हणाली की तिच्या वॉर्डातही एक डॉक्टर असाच होता. रोग्याला रोग सांगायचा नाही, युद्ध सांगायचा. शत्रू शिरलाय, फौज पाठवतो, किल्ला लढवायचा. माणसं मान हलवून सही करायची. कशावर सही केली ते मागाहून तिला विचारायची.

“पण सही करायची ना,” मालक म्हणाले.

इथवर दर आठवड्याचीच गोष्ट होती. आक्का थोरल्यांच्या बाजूने, चिरंजीव वडिलांच्या, मालकीणबाई चहाच्या. मग मालकीणबाईंनी किटली खाली ठेवली आणि पदराला हात पुसले.

“फरशीचं काय कळवलंत, भाऊजी?”

थोरल्यांना वाटलं आपण चुकीचं ऐकलं. मग त्यांच्या लक्षात आलं की तसं नाही, आणि कानांच्या पाळ्या तापल्या.

“कसली फरशी?” मालकांनी विचारलं.

“बाबीच्या घरातली,” मालकीणबाई म्हणाल्या. “भाऊजींना लिही, असं मीच तिला सांगितलं होतं. मला विचारत होती, बसवू का म्हणून. मी म्हटलं, बाई, मला एका विशेषणापलीकडे काही खोडता येत नाही, काकांना विचार.” आवाज न चढवता त्या हे सगळं बोलल्या. “तेव्हापासून रोज सकाळी भाऊजींचं तोंड बघतेय. उत्तर टाकलेल्या माणसाचं तोंड तसं नसतं.”

मालक बायकोकडे बघत होते. ती मुलीला भेटते हे त्यांना नवीन होतं. चिरंजीवांना नवीन नव्हतं, हे त्यांच्या खाली घातलेल्या मानेवरून कळत होतं, आणि मालकांनी तेही पाहिलं. शेजारी बसलेला मुलगा खुर्ची न हलवता त्यांच्यापासून लांब गेला.

“तिचं नाव या टेबलावर काढायचं नाही असं ठरलं होतं,” मालक म्हणाले.

“नाव कुठं काढलं? फरशीचं विचारलं.”

“ती पोरगी वाहवत गेली,” मालक म्हणाले. मुलीचा विषय निघाला की ते हे एवढंच वाक्य बोलत आणि विषय मिटवत. आजही तो मिटला असता. पण थोरल्यांनी ते वाक्य ऐकलं आणि त्यांच्या हातातला कागद खाली आला.

खरं तर त्यांनी ते यापूर्वी कितीदा तरी ऐकलं होतं. बाबी गेली त्या दिवशी मालक हेच म्हणाले होते, इथंच, याच खुर्चीत. पुढं वस्तीवर लिहायची वेळ आली आणि थोरले नेहमीसारखे एखाद्या उपमेसाठी चाचपडत बसले, तेव्हा हाताला पाणीच लागलं. नदी जवळ आहे म्हणून असेल, असं त्यांना वाटलं होतं. ते नदीवर कधी गेलेही नव्हते.

“धाकट्या,” ते म्हणाले. कितीतरी वर्षांत त्यांनी भावाला या नावाने हाक मारली नव्हती. “ते तुझं वाक्य आहे. अग्रलेखातलं सगळं. बाबी गेली तेव्हा तू बोललास ते मी उचललं, आणि गावभर केलं. तू एका मुलीवर रुसला होतास. मी सगळी वस्ती पाण्यात घातली.”

मालक चहात चमचा फिरवत राहिले. साखर केव्हाच विरघळली होती.

थोरल्यांनी सदऱ्याच्या खिशातून दुसरा कागद काढला. घडी घालून घालून तो मऊ पडला होता. मी दुपारी आणखी एक लिहिलं आहे, असं ते म्हणाले. चांगलं झालेलं नाही, आणि वाचलं नाही तरी चालेल. मालकांनी विचारलं की एका शनिवारी दोन अग्रलेख ही कुठली पद्धत. आक्का म्हणाली, आबांनी एक शब्द खोडा असं सांगितलंय, एकच अग्रलेख लिहा असं कुठं सांगितलंय? आणि नवा कागद म्हणजे प्रत्येकाला नवा शब्द. आबांच्या नियमांचा अर्थ लावायचं काम तिच्याकडेच होतं. ते तिने स्वतःच घेतलं होतं.

थोरल्यांनी वाचलं. आवाज सुरुवातीपासूनच बारीक होता.

‘नदीपलीकडे लोक राहतात. त्यांतले बहुतेक सकाळी आपल्याकडे कामाला येतात आणि संध्याकाळी परत जातात. त्यांनी दुरुस्त केलेल्या लिफ्टने आपण वर जातो. त्यांना पाणी टँकरने मिळते. या वृत्तपत्राच्या मालकांची मुलगी तेथे राहते. हे आम्ही वाचकांना आधी सांगायला हवे होते. तिने घरात फरशी बसवायचे ठरवले आहे आणि सभेच्या निकालाची वाट पाहत आहे. तिच्या शेजाऱ्यांचेही असेच काही ना काही थांबले आहे. मागे आम्ही या लोकांना लोंढा म्हटले. ते लोक आहेत. वस्ती आहे तेथेच ठेवावी आणि तिला नळ द्यावा, असे आम्हाला बहुधा वाटते.’

“संपलं?” चिरंजीवांनी विचारलं.

“संपलं.”

चिरंजीव म्हणाले की हे कुणी वाचणार नाही. यात दिसत काहीच नाही. माणूस दुसऱ्या ओळीला हवामान बघायला जाईल. थोरल्यांनी कबूल केलं. त्यांना स्वतःलाही लिहिताना डुलकी आली होती. मालकांनी मात्र कागद हातात मागून घेतला. त्यांची नजर मधल्या एका ओळीवर थांबली आणि तिथून हलेना.

ती ओळ छापून आली तर काय होईल हे टेबलावरच्या सगळ्यांना कळत होतं. गावाला माहीत होतंच, पण गावाने ते मालकांच्या तोंडून ऐकलं नव्हतं. उद्या ते त्यांच्या पेपरात, त्यांच्या पहिल्या पानामागच्या पानावर असणार होतं. मालकांना एक शब्द खोडता येत होता. ‘मुलगी’ खोडावा, तर मालकांची कोण तिथं राहते असं गाव विचारत सुटलं असतं. त्यापेक्षा मुलगी बरी. ती ओळ जायची तर एका रेघेने जाण्यासारखी नव्हती.

“तुझा शब्द मी सांगतो तिथं घाल,” मालक मुलाला म्हणाले. आपला हक्क दुसऱ्याला देऊ नये असं आबांनी सांगितलेलं नव्हतं. असं कुणी मागेल हेच त्यांच्या डोक्यात आलं नसावं.

चिरंजीवांनी पेन्सिल उचलली. आईकडे बघितलं नाही, वडिलांकडेही नाही. पहिल्या अर्ध्या भागातलं ‘सकाळी’ खोडलं, आणि पेन्सिल आत्याकडे सरकवली.

“माझा झाला, बाबा.”

“सकाळी? सकाळीत काय वाईट होतं?”

“कारण सांगायचं नसतं,” चिरंजीव म्हणाले.

आक्काने ‘काही ना काही’मधला एक ‘काही’ खोडून टाकला आणि थोरल्यांकडे अशी नजर टाकली की त्यांना जागेवरच सांधेजोड करावी लागली. मालकीणबाईंनी पेन्सिल हातात घेतली, तिचं टोक बघितलं, आणि तशीच नवऱ्यापुढे ठेवली. मला काही खोडायचं नाही, असं त्या म्हणाल्या. या टेबलावर असं यापूर्वी कुणी म्हटलं नव्हतं. चालतं का, म्हणून सगळ्यांनी आक्काकडे पाहिलं. आक्का म्हणाली, हक्क आहे, सक्ती नाही.

आता मालक उरले. त्यांना वाटेल तर ते टेबलावरून उठून छापखान्यात फोन करू शकत होते आणि ‘बांध’ लावा म्हणून सांगू शकत होते. पेपर त्यांचा होता. त्यांना कोण अडवणार होतं? थोरल्यांना तेच होणार असं वाटत होतं, आणि मनाच्या एका कोपऱ्यात, याची त्यांना लाजही वाटली, तसं झालं तर बरं असंही वाटत होतं. मग बाबीला कळवायला निदान काहीतरी नक्की हाती आलं असतं.

मालकांनी पेन्सिल त्या ओळीवर नेली. धरून ठेवली. एका शब्दावरून दुसऱ्यावर नेली. मालकीणबाई टेबलाच्या कडेवरचा चहाचा डाग बोटाने पुसत होत्या. तो पुसून गेला तरी पुसत होत्या. मग पेन्सिल खाली उतरली, आणखी खाली उतरली, अगदी शेवटच्या ओळीपर्यंत गेली, आणि मालकांनी ‘बहुधा’ खोडला. एकदा खोडून त्यांचं समाधान झालं नाही. त्यांनी त्यावर पुन्हा रेघ ओढली.

“अग्रलेखात बहुधा?” ते थोरल्यांना म्हणाले. “चाळीस वर्षं लिहितोयस. वाचकाने काय समजायचं? वस्ती ठेवायची की बहुधा ठेवायची?”

थोरल्यांनी शेवटचं वाक्य त्या शब्दाशिवाय मनात वाचून पाहिलं. ते फार उघडं वाटलं. पण हुज्जत घालायची नाही असा नियम होता.

मालक उठून बाहेरच्या खोलीत गेले आणि छापखान्याला फोन लावला. पान थांबवा, मजकूर बदललाय, असं त्यांनी सांगितलं. पलीकडून कुणीतरी मथळा विचारला असावा, कारण ते दारात आले.

“मथळा?”

मथळा थोरल्यांनी दिलाच नव्हता. सुचला नव्हता.

“मथळा नाही,” मालक फोनमध्ये म्हणाले. “तसंच लावा.” मग आत न येता ते परस्पर आपल्या खोलीत गेले. मालकीणबाईंनी त्यांचा निवलेला कप उचलला, दुसरा भरला, आणि त्यांच्या मागं घेऊन गेल्या. दार लावलं गेलं नाही. आत कुणी कुणाशी बोलल्याचंही ऐकू आलं नाही.

रविवारी सकाळी थोरले चौकात गेले. पेपरविक्याने त्यांना ओळखलं आणि काळजीने विचारलं की आज अग्रलेख सुट्टीवर का. त्याने पान उलटून पाहिलं होतं, पण तिथं नुसती माहिती होती. पुढच्या बाकावर दोघं जण मालकांच्या मुलीबद्दल बोलत होते. त्यातल्या एकाचं म्हणणं होतं की लोंढ्यात सापडलेल्या पोरीचं बापाला वाईट वाटणारच. दुसऱ्याने मान हलवली. अग्रलेख दोघांनीही वाचला होता.

थोरले बराच वेळ त्या दोघांकडे बघत उभे राहिले. काल टेबलावर आपण काहीतरी केलं असं त्यांना वाटलं होतं. तो शब्द आता त्यांचा नव्हता, मालकांचा नव्हता, पेपराचाही नव्हता. तो बाकावर बसला होता. मंगळवारी तो सभेत जाऊन बसेल. साध्या वाक्यांनी त्याला उठवता येईल की नाही, कुणी सांगावं. पण उत्तर यायची वाट बघत बसलं तर फरशीचं सामान आणखी एक उन्हाळा बाबीच्या पायाला लागत राहील.

घरी येऊन त्यांनी टेबल आवरलं नाही. होतं त्याच पसाऱ्यावर कागद ठेवला. ‘घर म्हणजे’ असं लिहिलं आणि कागद बाजूला केला. दुसऱ्या कागदावर लिहिलं:

‘प्रिय बाबी, नगरपालिका काय ठरवेल ते मला माहीत नाही. आजचा अग्रलेख वाचलास तर तुला कंटाळा येईल, पण शेवटच्या वाक्यात तुझ्या बाबांचा हात आहे. तरी त्याच्या भरवशावर राहू नकोस. फरशी बसव. ज्या दिवशी काम असेल त्या दिवशी मी येऊन बसेन. मला त्यातलं काही कळत नाही. — काका’

कोपऱ्यावरच्या टपालपेटीपाशी एक बाई त्यांच्या मागे येऊन उभ्या राहिल्या. थोरल्यांनी पाकीट फटीत घातलं, थोडा वेळ धरून ठेवलं आणि सोडलं. सोडल्याबरोबर त्यांना ‘तरी’ या शब्दाची शंका आली. तिथं तो नको होता. त्याने बाबीला धास्ती वाटेल. त्यांनी फटीत हात घातला. हात मनगटापाशी अडला. त्यांनी तो जरा तिरका करून पाहिला.

“काका,” मागच्या बाईंनी विचारलं, “पत्र टाकताय की काढताय?”

थोरल्यांनी हात बाहेर काढला.

“टाकलं,” ते म्हणाले, आणि त्यांना वाट करून दिली.